शायोकाझाची शाळा आणि आमची अभ्यासिका

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला "धम्म आणि युवक" या विषयावर बोलायला सांगितले आहे. आम्ही गिरणी कामगार माणूस. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, त्यात आमचे घरही आले, आणि आमची शाळा तिथेच सुटली. पुढे आम्हीसुद्धा गिरणीतच बदली कामगार म्हणून लागलो. जे काही शिकलो ते रातपाळीत, साचा बंद असला की त्याच्या आडोशाला बसून शिकलो. त्यामुळे विद्वानाचे भाषण आमच्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही एका गावाची हकिगत सांगणार आहोत.

गाव लांबचे आहे. युरोपात हंगेरी म्हणून देश आहे, त्याच्या ईशान्येला शायो नावाची नदी आहे, आणि त्या नदीकाठी शायोकाझा हे खेडे आहे. तिथे एक माध्यमिक शाळा आहे. त्या शाळेचे नाव आहे डॉ. आंबेडकर शाळा. त्या गावात आपला एकही माणूस नाही. मग बाबासाहेबांचे नाव तिथे कसे गेले? त्याची ही गोष्ट आहे.

त्या गावात रोमा लोकांची वस्ती आहे. रोमा म्हणजे ज्यांना इंग्रजीत जिप्सी म्हणतात ते. युरोपभर मिळून त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास धरतात. हे लोक मूळचे आपल्याकडचे. हजारएक वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानातून निघाले आणि इराण, तुर्कस्तान करत युरोपात पसरले. हे कशावरून म्हणाल, तर त्यांच्या भाषेवरून. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात. कानाला कान, नाकाला नाख, केसाला बाल, माणसाला मनुष, सुरीला चुरी. मिठाला लोन म्हणतात. आमची आजी कोकणात मिठाला लोणच म्हणायची, बरं का! आकडे मोजताना ते येक, दुई, त्रीन असे मोजतात. आणि "रोम" हा शब्दच मुळी "डोम" यावरून आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. आपल्याकडचे डोंब, डोंबारी आठवा. म्हणजे हा माणूस इथून जाताना कोणत्या पायरीवरून गेला असेल, ते तुम्हीच समजा. (हंगेरीतल्या पुष्कळ रोमांच्या घरात आता ही भाषा उरलेली नाही, ते हंगेरियनच बोलतात. पण भाषा गेली म्हणून हिणवणे गेले असे काही झाले नाही.)

तिथे जाऊन त्यांचे काय झाले? रुमेनियाच्या मुलखात ते १८५६ पर्यंत गुलाम होते, खरेदी-विक्रीचे. हंगेरीत अठराव्या शतकात मारिया तेरेसा नावाच्या राणीने त्यांना सुधारायचे ठरवले. कसे, तर त्यांचे नाव पुसायचे, त्यांना "नवे हंगेरियन" म्हणायचे आणि त्यांची पोरे आईबापांपासून काढून शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला द्यायची. हीसुद्धा एका तऱ्हेची समाजसेवाच होती, सेवा करणाऱ्याच्या मते! हिटलरने ज्यूंबरोबर लाखो रोमांचाही बळी घेतला. आणि ही सगळी जुनी गोष्ट आहे असे समजू नका. २००८ आणि २००९ साली हंगेरीत रोमा वस्त्यांवर रात्रीचे हल्ले झाले, सहा माणसे मारली गेली. एका खेड्यात घराला आग लावली आणि आगीतून बाहेर पळणाऱ्या बापाला आणि त्याच्या चार-पाच वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. खैरलांजी २००६ ची आहे. मधे फार वर्षे नाहीत.

आता शाळेचे ऐका, कारण आपला विषय युवकांचा आहे. ग्योंग्योशपाता नावाच्या गावात शाळा दोन मजली. रोमांची मुले खालच्या मजल्यावर, बाकीची वरच्या मजल्यावर. दाखल्यावर शाळा एकच, हजेरीपट एकाच कपाटात, पण जिना चढायचा नाही. त्यातल्या ६० मुलांनी दावा केला आणि २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नुकसानभरपाई द्यायला लावली. दुसरी तऱ्हा आणखी वाईट. धडधाकट मुलाची परीक्षा घ्यायची, हा मतिमंद आहे असा शिक्का मारायचा आणि वेगळ्या शाळेत घालायचे. अशा दोन रोमा तरुणांचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तोवर त्यांची शाळेची वर्षे निघून गेली होती. निकालपत्र दाखवून पुन्हा पहिलीत बसता येत नाही.

आणि पाणी. शायोकाझाच्याच जिल्ह्यात ओझ्द नावाचे शहर आहे. तिथल्या गरीब वस्त्यांत घरात नळ नाही, रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावरून पाणी भरायचे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, कडक उन्हाळ्यात, तिथल्या नगरपालिकेने यातले कितीतरी नळ बंद केले आणि इतरांची धार बारीक केली. कारण सांगितले पाण्याची नासाडी. बोभाटा झाल्यावर नळ पुन्हा सोडले. बंधूंनो, हे ऐकताना आम्हांला २० मार्च १९२७ आठवला. तळे चवदारच असले पाहिजे असे नाही. नळाचासुद्धा महाड होतो.

त्या भागात कोळशाच्या खाणी होत्या, ओझ्दला लोखंडाचा मोठा कारखाना होता. १९९० च्या सुमाराला राज्यव्यवस्था बदलली, खाणी आणि कारखाने बंद पडत गेले. सर्वांत आधी कोण निघाले? ज्यांच्याकडे हत्यार चालवण्याचे कसब नव्हते ते, म्हणजे रोमा. ही गोष्ट गिरणीवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या आजोबांच्या काळात आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, ते विटाळेल म्हणून. पगार जास्त तिथे विटाळ जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न धसाला लावला. तेव्हा कसब कोणाला शिकू द्यायचे आणि कोणाला नाही, इथूनच सगळी सुरुवात होते. खाणीत काय, गिरणीत काय आणि शाळेत काय.

आता त्या शाळेकडे येतो. तिबोर देरदाक म्हणून एक समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. १९९० ते १९९४ ते हंगेरीच्या पार्लमेंटात खासदार होते. जन्माने ते रोमा नाहीत. त्यांचे सहकारी यानोश ओर्शोश हे रोमा, आणि शिक्षक. दोघे मिळून रोमा मुलांना शिकवण्याचे काम करत होते. त्यांना बाबासाहेब एका पुस्तकातून भेटले. कोणी भाषण ठोकले नाही, कोणी बॅनर लावला नाही. पुस्तकात त्यांना आपल्याच वस्तीचे वर्णन दिसले, आणि त्यातून बाहेर पडलेला एक माणूसही दिसला. मग ते पदरमोड करून महाराष्ट्रात आले, २००५ साली आणि पुन्हा २००७ साली. विहार पाहिले, वसतिगृहे पाहिली, लोकांच्या घरी उतरले. परत जाऊन त्यांनी धम्म स्वीकारला, "जयभीम" नावाची संस्था काढली आणि २००७ मध्ये शायोकाझाला शाळा सुरू केली. गंमत पाहा, त्याच देशात पेच नावाच्या शहरात रोमा मुलांसाठी १९९४ पासून गांधींच्या नावाची शाळा आहे. तीही चांगले काम करते, उगाच नावे ठेवायची नाहीत. पण यांना बाबासाहेब का लागले, हे आपण जाणतो.

आता ते जी वसतिगृहे पाहून गेले, त्यांतली पुष्कळशी कोणामुळे उभी राहिली? लंडनचा एक तरुण इंग्रज शिक्षक, जेरेमी गुडी. बौद्ध झाल्यावर त्याचे नाव लोकमित्र. योग शिकायला म्हणून पुण्याला यायचे, म्हणून तो निघाला आणि १९७७ च्या धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाला नागपुरात पोहोचला. तिथला जनसागर त्याने पाहिला. १९७८ साली तो पुण्यात राहायलाच आला. १९७९ ला त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण सुरू झाला. तिकडे इंग्लंडात तरुण मुले-मुली संध्याकाळी दारोदार हिंडून आपल्या वस्त्यांसाठी पैसे गोळा करू लागली. थंडीत, अनोळखी दारावर टकटक करून. ज्यांनी दार लावून घेतले असेल तेही त्यांनी सोसले असेल. त्या पैशातून आपली मुले वसतिगृहात राहून शिकली. म्हणजे लंडनहून पुण्याला, पुण्याहून शायोकाझाला, असा हा प्रवास आहे.

इथे आम्हांला एक फरक सांगायचा आहे. युरोपात १९९६ पासून तरुणांसाठी स्वयंसेवेची एक सरकारी योजना आहे, मधे २०१८ साली तिचे नाव बदलले. अठरा ते तीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या देशात जाते, जास्तीत जास्त वर्षभर राहते. राहणे, जेवण आणि थोडा हातखर्च मिळतो. हंगेरीत रोमा वस्त्यांतून "तानोदा" नावाच्या अभ्यासिका चालतात, तिथे असे स्वयंसेवक जातात. त्यांचा दिवस कसा असतो, तर आपल्या अभ्यासिकेसारखाच. खरे काम शाळा सुटल्यावर. मुले दप्तर टाकून येतात, त्यांना खायला द्यायचे, गृहपाठ घ्यायचा, भांडणे सोडवायची, मग चेंडू घेऊन बाहेर. त्यात हंगेरियन भाषा परक्याला भारी अवघड, तेव्हा पहिले काही महिने पोरेच मास्तर आणि स्वयंसेवक विद्यार्थी. हे चांगलेच आहे. जो पोरगा वर्गात "ढ" म्हणून खाली बसवलेला, तो एका गोऱ्या परदेशी पाहुण्याची उजळणी घेतो!

पण वर्ष संपते आणि पाहुणा जातो. अनुदान संपले की तानोदाही बंद पडते, पुन्हा मंजुरी आली की पुन्हा उघडते. मधल्या काळात मूल मोठे होते. आपल्याकडेही हेच नाही का? कॉलेजचे विद्यार्थी प्रकल्पाचे तास भरायला येतात. कोणी कंपनीचा माणूस वह्या वाटतो, फोटो काढतो. आमच्या अभ्यासिकेत एक ताई तीन महिने येत होत्या, फार चांगल्या होत्या. त्या गेल्यावर एक लहानगी आम्हांला रोज विचारायची, "काका, ताई कधी येणार?" आम्ही "येतील" म्हणायचो. महिनाभराने तिने विचारायचे सोडले. विचारायचे सोडले याचे आम्हांला जास्त वाईट वाटले. म्हणून आम्ही म्हणतो, लोकमित्र असोत की देरदाक, त्यांचे मोठेपण आले यात नाही, राहिले यात आहे.

तिथे राहणे सोपे नव्हते. २०११ साली हंगेरीत धर्मसंस्थांचा नवा कायदा झाला, त्यात कितीतरी लहान संस्थांची मान्यता गेली, त्यात यांच्या जयभीम संस्थेचीही गेली. मान्यता गेली की सरकारी मदतीचा मार्ग अरुंद होतो. त्याच सुमाराला सक्तीच्या शिक्षणाचे वय अठरावरून सोळा केले. सोळा वर्षांच्या रोमा मुलाला आता शाळेत ये म्हणून सरकार सांगत नाही. बाहेर काय, तर सरकारी रोजगार योजनेवर रस्ता झाडायचा, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर. रोमा पोराने हातात झाडू घेतला की कोणाची हरकत नसते. अशा ठिकाणी ही शाळा मुलांना अकरावी-बारावी करवते आणि शेवटच्या परीक्षेला बसवते. तिला तिथे "एरेतशेगी" म्हणतात. ती पास झाल्याशिवाय कॉलेज नाही, आणि बरीशी नोकरीही नाही. २०१६ साली शाळेत बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसला. आधी शाळा, नऊ वर्षांनी पुतळा, हा क्रम ध्यानात घ्या. आमच्याकडे तो बहुधा उलटा असतो, आणि पुष्कळदा दुसरी गोष्ट राहूनच जाते.

बाबासाहेबांनी स्वतः कसे केले? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिची पहिली कामे कोणती? सोलापूरला मुलांचे वसतिगृह. मुंबईत मोफत वाचनालय. आणि हॉकीचा क्लब! होय, महार हॉकी क्लब. तरुण पोरे जुगार आणि दारूकडे जाऊ नयेत म्हणून. बॅरिस्टर माणूस, पण पोरांच्या हातात काठी कसली द्यायची याचा विचार त्यांनी केला.

आता आमचे सांगतो. हे सांगायचेच म्हणून आम्ही उभे राहिलो, बाकीचे वाचलेले आहे.

आपली अभ्यासिका सायंकाळी सातला उघडते. खोली ही अशी, विहाराला लागून, पत्र्याची. गिरणी बंद पडल्यावर आम्ही भिवंडीला यंत्रमागावर जात होतो, तेव्हा पाळी बघून कुलूप उघडायचे. माजिवडा तुम्ही पाहताच आहात. कापूरबावडीपर्यंत मेट्रोचे खांब उभे राहिले, चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती झाल्या, आपल्या आयाबहिणी त्यांत धुणीभांडी करतात आणि आपली पोरे तिथल्या फाटकावर दुचाकीवरून डबे आणि पार्सले पोचवतात. जिना नाही, लिफ्ट आहे, पण पार्सलवाल्याची लिफ्ट वेगळी. त्या ग्योंग्योशपाताच्या शाळेची गोष्ट वाचताना आम्हांला ही लिफ्ट आठवली.

अभ्यासिकेत एक मुलगा होता. नाव घेत नाही, तो आज इथेच बसला आहे. दहावीचे वर्ष. गणित कच्चे, बाकी हुशार, वक्तृत्वाला तर पहिला. जानेवारीत तो यायचा बंद झाला. चार दिवस झाले, आठ दिवस झाले. आम्ही रोज म्हणायचो, आज जाऊन बघू. पण तेव्हा जयंतीच्या वर्गणीचे काम सुरू झाले होते. पावतीपुस्तके छापायची, मिरवणुकीचा परवाना, वाद्याचा करार, कोणत्या गल्लीची गाडी पुढे यावरून दोन बैठका. आम्ही स्वतः प्रत्येक बैठकीला हजर. मुलाचे घर विहारापासून पाच मिनिटांवर. पाच मिनिटे. तिथे जायला आम्हांला दीड महिना लागला.

गेलो तेव्हा कळले की वडिलांचा पाय मोडला होता, आणि मुलगा भिवंडीकडच्या एका गोदामात रातपाळीला खोकी उचलत होता. हॉलतिकीट शाळेतून आणलेच नव्हते. त्याची आई म्हणाली, "दादा, तुम्ही येताल म्हणून वाट बघितली. मग म्हणलं, जयंतीचं काम असंल." तिने रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. सातवीत आमची शाळा सुटली तेव्हा आमच्या घरी कोणी आले नव्हते, याचा आम्ही जन्मभर राग धरला. आणि आमची पाळी आली तेव्हा आम्हीही गेलो नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. मूल तीन दिवस आले नाही की चौथ्या दिवशी घरी जायचे. कोणतीही बैठक असो. दोघांनी जायचे, एक बाई बरोबर असली तर उत्तम, कारण मुली गैरहजर राहतात त्याची कारणे बापईमाणसाला कोणी सांगत नाही. गेल्यावर उपदेश करायचा नाही, चहा घ्यायचा आणि ऐकायचे. कोणाला दाखल्याची अडचण असते, कोणाला जातपडताळणीची, कोणाच्या घरी लग्न ठरवायची घाई असते. कधी नुसते वीजबिल थकलेले असते आणि पोरगी अंधारात बसलेली असते. यातले आपल्या हातात अर्धेच असते. काही वेळा दारातूनच परत पाठवतात, "आमचं आम्ही बघू" म्हणतात. पुन्हा जायचे. नोंदवही ठेवली आहे, कोणीही येऊन पाहावी.

वहीत नुसते यश नाही, हेही सांगतो. गेल्या वर्षी चार मुले सुटली ती सुटलीच. एका मुलीचे लग्न आम्ही थांबवू शकलो नाही. शाळेतून नाव काढलेल्या एका पोराने आमच्या तोंडावर सांगितले, "काका, तुमचे शिकलेले कुठे लागले ते दाखवा." आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण जे शिकले, लागले, ते घोडबंदर रोडला, बदलापूरला फ्लॅट घेऊन गेले. १४ एप्रिलला सहकुटुंब येतात, देणगीची पावती घेतात, आणि त्या पोराला ते कधी दिसतच नाहीत. त्यांच्या देणगीवर हा मंडप उभा आहे, आम्ही कृतघ्न नाही. पण आम्हांला त्यांची आठवड्यातली एक सायंकाळ पाहिजे. मंगळवार म्हणा, गुरुवार म्हणा. इंग्रजीला माणूस नाही, बीजगणिताला नाही. आम्ही सातवी. आम्ही कुलूप उघडू शकतो, घरी जाऊ शकतो, बाकाला खिळा ठोकू शकतो. वर्गमूळ आम्हांला येत नाही.

सध्या बीजगणित शिकवते ती बारावीतली मुलगी, हीच आमची विद्यार्थिनी. आणि तिच्यापुढे कोण बसते? तोच गोदामातला मुलगा. आता तो वीस वर्षांचा आहे. यंदा त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. कामावरून थेट येतो, सव्वाआठपर्यंत पोचतो, तोवर लहान मुले गेलेली असतात. ती त्याला "दादा" म्हणते आणि गणित चुकले की रागावते. मार्चमध्ये परीक्षा आहे. दहा वाजता आम्ही कुलूप लावतो, पण हल्ली साडेदहा होतात. तेव्हा रात्री पत्र्याच्या खोलीत दिवा दिसला तर समितीने वीजबिलाची चिंता करू नये, तेवढे आम्ही भरू. आणि ज्यांची मंगळवारची सायंकाळ मोकळी आहे त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला भेटावे, आम्ही चपलांच्या रांगेपाशी उभे आहोत.

जयभीम!